वाळल्या बोंबलाचे उघडे तोंड

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



आज मी तुमच्याशी एका माशाविषयी बोलणार आहे, आणि तोही समुद्रातल्या. नगर जिल्ह्यातल्या माणसाने समुद्रातल्या माशावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आपल्या जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, समुद्र नाही. पश्चिमेला कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड उभे आहेत. समुद्रावरून येणारे ढगसुद्धा तिथे बराचसा पाऊस टाकून मोकळे होतात आणि आपल्याकडे उरलेसुरले येतात. पण एक मासा मात्र हा डोंगर ओलांडून पिढ्यान् पिढ्या आपल्या आठवडे बाजारात येत आला आहे. तो म्हणजे बोंबील.

माझे गाव पारनेर तालुक्यातले. लहानपणी आईचे बोट धरून बाजाराला जायचो. भाजीची रांग संपली, की एका कडेला, जरा लांबच, सुक्या मासळीची दुकाने असत. दुकान म्हणजे खाली अंथरलेले पोते. त्यावर एका बाजूला सुकटीचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला बोंबलाच्या जुड्या. मला त्या जुड्यांकडे बघायला आवडायचे आणि थोडी भीतीही वाटायची. कारण त्यातल्या प्रत्येक बोंबलाचे तोंड आ वासलेले असे. एकाही बोंबलाचे तोंड मिटलेले नाही. मी एकदा मासळीवाल्या मावशींना विचारले, "मावशी, यांची तोंडं उघडी का?" मावशी हसून म्हणाल्या, "बाळा, बोंबलत मेले म्हणून तर बोंबील!" सगळा बाजार हसला. मीही हसलो, पण प्रश्न काही सुटला नाही.

त्यानंतर १९७२ चा दुष्काळ आला. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. माझ्या वयाच्या श्रोत्यांना ते दिवस सांगायला नकोत. आईवडील खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर जात. कामावर सुकडी मिळे. घरात दूध नव्हते, कारण दावणीला जनावर राहिले नव्हते. डाळ परवडत नव्हती. त्या वर्षी आई बाजारातून सगळ्यात बारीक बोंबील आणायची, बोटाएवढे, कारण ते सगळ्यात स्वस्त. तव्यावर भाजून, पाट्यावर मिरची-लसणाबरोबर वाटून त्याची चटणी करायची. दोन बोंबलांत पाच जणांची भाकरी निघायची. शेजारी माळकऱ्यांचे घर होते. भाजताना वास जाऊ नये म्हणून आई दार लावून घ्यायची. तो वास त्यांना कळत नव्हता असे नाही. पण त्या वर्षी कुणी काही बोलले नाही.

पुढे मी शिकलो, प्राणिशास्त्राचा प्राध्यापक झालो आणि मुलांना माशांची शरीररचना शिकवू लागलो. फळ्यावर रोहू काढायचा, कल्ले दाखवायचे, पर मोजायचे. एके वर्षी वर्गातल्या एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, "सर, आमच्या घरी सुके बोंबील आणतात. त्यांची सगळ्यांची तोंडं उघडी का असतात?" मी गप्प झालो. माझाच प्रश्न पंचवीस वर्षांनी माझ्यापुढे उभा होता, आणि आता माझ्याजवळ मावशींचा विनोद सांगण्यापलीकडे काही नव्हते. बोंबील मी शेकड्याने खाल्ले होते. पाहिला मात्र एकही नव्हता. जो पाहिला तो वाळलेला.

म्हणून त्या डिसेंबरात मी भाईंदरजवळच्या उत्तनला गेलो. खाडीकडेच्या मोकळ्या जागेत बांबूंचे उंच सांगाडे उभे होते. त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि दोऱ्यांवर हजारो बोंबील उन्हात लटकत होते. दोन कोळी बायका टोपलीतले ताजे बोंबील घेऊन दोरीवर टाकत होत्या. त्यांचे हात इतके भराभर चालत होते, की काय करतात ते मला आधी उमगलेच नाही. मग एकीने माझ्यासाठी हळू करून दाखवले. तिने दोन बोंबील उचलले. एकाचा जबडा उघडून दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि ती जोडी दोरीवर टाकली. एक मासा दोरीच्या अलीकडे, एक पलीकडे. ना सुई, ना दोरा, ना गाठ. माशाचे तोंडच त्याचा आकडा झाले. त्याच स्थितीत तो तीन-चार दिवस वाळतो आणि उघडे तोंड तसेच राहून जाते.

माझ्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. पण त्यातून दुसरा प्रश्न निघाला. असे कोणत्याही माशाचे करता येईल का? बांगड्याचे नाही करता येत. मग बोंबलाच्या तोंडात असे काय आहे?

मी टोपलीतला एक ताजा बोंबील हातात घेतला. श्रोतेहो, ज्यांनी फक्त सुका बोंबील पाहिला आहे, त्यांना ताजा ओळखू येणार नाही. सुका बोंबील काडीसारखा कडक असतो. काटकुळ्या माणसाला आपण बोंबील म्हणतो ते त्यावरूनच. ताजा बोंबील मात्र हातात धरला तर दोन्ही बाजूंनी लोंबतो. फिकट, किंचित पारदर्शक, ओल्या फडक्यासारखा. बहुतेक माशांच्या मांसात शंभर ग्रॅममध्ये ७० ते ८० ग्रॅम पाणी असते. बोंबलात ते ८५ ते ९० ग्रॅम असते. हाडे इतकी मऊ, की ताजा बोंबील तळला तर मधला काटाही चावून खाता येतो.

तोंड तर फारच मोठे. जबड्याची फट डोळ्याच्या पुष्कळ मागे जाते. खालचा जबडा वरच्यापेक्षा थोडा पुढे आलेला. दोन्ही जबड्यांत सुयांसारखे बारीक दात, टोके आत वळलेली. यातले दात आतल्या बाजूला दाबले तर झुकतात. बाहेरच्या बाजूला झुकत नाहीत. म्हणजे भक्ष्य आत जाऊ शकते, परत येऊ शकत नाही. उंदराच्या सापळ्याचे दार असते तसे. कोळी बायका दोन जबडे एकमेकांत अडकवतात तेव्हा याच दातांचा आणि याच रुंद तोंडाचा उपयोग करून घेतात.

डोळे मात्र या तोंडाच्या मानाने अगदी लहान. खवले फक्त शरीराच्या मागच्या अर्ध्या भागावर. पुढचा भाग उघडा. बहुतेक माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेषा असते. तिच्यातून त्यांना पाण्याची हालचाल जाणवते. बोंबलात ही रेषा थेट शेपटीत शिरते आणि दोन पाळ्यांच्या मध्ये तिसरी छोटी पाळी तयार होते. त्यामुळे बोंबलाची शेपटी तीन पाळ्यांची दिसते. छातीजवळचे पर लांब. आणि पोट उघडून पाहिले तर एक गोष्ट सापडत नाही, ती म्हणजे हवेची पिशवी. रोहू, कटला यांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि तिच्या आधाराने ते पाण्यात तरंगून राहतात. बोंबलाला तो आधार नाही. ज्यात इतके पाणी भरले आहे, त्या शरीराला तो फारसा लागतही नसावा.

ही सगळी लक्षणे मी वहीत उतरवली आणि परत आल्यावर पुस्तके काढली. तेव्हा ध्यानात आले, की अशा लक्षणांची यादी मी आधी कुठेतरी वाचली आहे. ती होती खोल समुद्रातल्या माशांची.

खोल समुद्र म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. पाण्यात २०० मीटरच्या खाली उजेड इतका कमी होतो, की वनस्पती तिथे जगू शकत नाहीत. हजार मीटरच्या खाली सूर्याचा प्रकाश पोचतच नाही. दर दहा मीटरला हवेच्या एका थराइतका दाब वाढतो. म्हणजे हजार मीटरवर आपल्या अंगावर आहे त्याच्या शंभरपट. वर मेलेले जे काही खाली येईल त्यावर आणि एकमेकांवर तिथल्या जिवांची गुजराण. अशा ठिकाणी पिळदार स्नायू आणि जाड हाडे पोसणे परवडत नाही. म्हणून तिथल्या पुष्कळ माशांचे मांस पाणीदार असते, हाडे मऊ असतात, आणि तोंड मात्र मोठे असते. महिन्यातून एकदा घास समोर आला, तर तो सुटून चालत नाही.

आता बोंबलाचे नातेवाईक पाहा. शास्त्रज्ञ बोंबलाला माशांच्या ज्या गणात धरतात, त्याला ऑलोपिफॉर्मिस असे नाव आहे. या गणातली बरीच मंडळी खोल समुद्रात राहतात. त्यात एक मासा आहे बॅथिप्टेरॉइस. त्याला तिपाई मासा म्हणू या. पोटाखालच्या दोन परांचा आणि शेपटीचा एकेक काटा लांबच लांब वाढलेला असतो. या तीन काठ्यांवर तो समुद्राच्या तळावरच्या चिखलात उभा राहतो. काही जातींमध्ये या काठ्या सुमारे मीटरभर असतात. डोळे नावापुरते. छातीचे पर हातांसारखे पुढे पसरून, प्रवाहाकडे तोंड करून तो वाट बघत बसतो, आणि पाण्यातून वाहत आलेला बारीक जीव परांना लागला की गट्ट करतो. दुसरा एक भाऊबंद आहे इप्नॉप्स. त्याचे डोळे डोळे राहिलेलेच नाहीत; डोक्यावर दोन चपट्या फिकट पाट्या तेवढ्या आहेत. तिसरा अलेपिसॉरस. तो दोन मीटरपर्यंत वाढतो, त्याचेही मांस पाणीदार, आणि तो आपल्याच जातीची पिल्ले खातो. बोंबीलही खातो.

हे नाते आपल्याच समुद्रात उलगडत गेले. आल्फ्रेड अल्कॉक नावाचे एक इंग्रज डॉक्टर १८८८ पासून 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षणाच्या जहाजावर होते. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांच्या तळाशी जाळे सोडून त्यांनी शेकडो अज्ञात प्राणी वर काढले. १८८९ मध्ये त्यांनी एका तिपाई माशाची नवी जात नोंदवली. आणि १८९१ मध्ये त्यांनी बोंबलाच्याच घराण्यातला, पण खोल पाण्यात राहणारा एक भाऊ नोंदवला. त्याचे नाव हार्पाडॉन स्क्वामोसस, म्हणजे खवलेवाला. त्याआधी १८७८ मध्ये जपानकडच्या खोल पाण्यातला एक भाऊ सापडला होताच. त्याचे छातीचे पर आखूड, म्हणून त्याचे नाव पडले मायक्रोकायर, म्हणजे लहान हातांचा. आपल्या बाजारातल्या बोंबलाचे सख्खे भाऊ असे काळोखात राहतात.

इथे एक खुलासा करायला हवा. बोंबील स्वतः खोल समुद्रातला मासा नाही. तो किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी मिळतो. त्याची अंगलट पाहून जुन्या अभ्यासकांना वाटे, की हा खोल पाण्यातला असावा आणि वर्षातून काही काळ वर येत असावा. ते खरे नाही. मग उथळ पाण्यात राहून याने खोल पाण्यातल्यासारखे शरीर कसे ठेवले?

या प्रश्नाची किल्ली तो कुठे सापडतो यात आहे. आणि बोंबलाची ही गोष्ट त्याच्या शरीराइतकीच चमत्कारिक आहे.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सौराष्ट्र, खंबातचे आखात, पालघर, मुंबई, रायगड, एवढ्या पट्ट्यात बोंबील उदंड मिळतो. रत्नागिरीकडे जाता जाता तो विरळ होतो. गोवा, कर्नाटक, केरळ इथे त्याची मासेमारी म्हणावी अशी नाही. सगळे दक्षिण टोक ओलांडून पूर्व किनाऱ्याने वर गेले, की आंध्रच्या उत्तर भागापासून तो पुन्हा दिसू लागतो, आणि ओडिशा, बंगाल, बांगलादेश इथे पुन्हा भरपूर मिळतो. बंगाली माणूस त्याला लोइट्टा म्हणतो आणि आवडीने खातो. गंमत अशी, की या माशाला शास्त्रीय नाव मिळाले ते मुंबईवरून नव्हे, तर बंगालवरून. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरांनी गंगेतल्या माशांवरच्या आपल्या पुस्तकात १८२२ साली त्याचे वर्णन केले. त्यांनी दिलेले नेहेरियस हे जातीचे नाव आजही चालू आहे.

म्हणजे एकच जात, आणि मध्ये एवढा मोठा खंड. हे कसे? भारतातल्या माशांचे थोर अभ्यासक डॉ. सुंदरलाल होरा यांना या कोड्याने पछाडले होते. त्यांनी १९३४ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात बोंबलाच्या भटकंतीवर एक लेखच लिहिला. त्यांच्यानंतरही अनेकांनी यावर काम केले. या दोन्ही पट्ट्यांत काही गोष्टी सारख्या आहेत. एक, मोठ्या नद्या. इकडे नर्मदा आणि तापी, तिकडे महानदी, गंगा आणि ब्रह्मपुत्रा. त्यांच्या पाण्याने समुद्राचे खारेपण कमी होते आणि गाळ येतो. दोन, भरती-ओहोटीचा प्रचंड जोर. खंबातच्या आखातात भावनगरजवळ भरती आणि ओहोटीच्या पातळीत दहा मीटरपर्यंत फरक पडतो. तीन मजली इमारतीएवढा. हे पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करते आणि तळाचा गाळ सतत ढवळत ठेवते. तीन, जवळा. आपण ज्याची सुकट खातो तो बारीक जवळा याच गढूळ पाण्यात थव्यांनी वाढतो, आणि जवळा हे बोंबलाचे मुख्य अन्न.

आता या गढूळ पाण्याचा विचार करा. आपल्याकडे पावसाळ्यात ओढ्याला पूर येतो तेव्हा त्या लाल पाण्यात हात घातला तर बोटे दिसत नाहीत. खंबातच्या आखातात बारा महिने जवळजवळ तशीच अवस्था. पाच-दहा मीटर खाली गेले, की तिथे भर दुपारी काळोख. म्हणजे अंधारासाठी हजार मीटर खोल जायलाच हवे असे नाही. गाळानेही अंधार होतो. अशा पाण्यात मोठे डोळे काय कामाचे? तिथे उपयोगी पडते अंगावरची संवेदनेची रेषा, समोर येईल ते पकडणारे मोठे तोंड आणि आत झुकणारे दात. आणि प्रवाह इतका जोराचा, की त्याच्याशी झुंजण्यापेक्षा त्याच्याबरोबर वाहणे बरे. मग दणकट स्नायू कशाला? भाऊबंदांना जी शिदोरी खोल काळोखात उपयोगी पडली, तीच बोंबलाला उथळ काळोखात उपयोगी पडली असावी, असे मला वाटते. दक्षिणेकडच्या तुलनेने स्वच्छ पाण्यात त्याचा निभाव लागत नाही, यातही नवल नाही.

या पाण्याचा स्वभाव कोळ्यांना पुस्तकांच्या कितीतरी आधी कळला होता. त्यांचे डोळ जाळे हे त्याचे उदाहरण. हे जाळे माशांच्या मागे धावत नाही. ते एका लांबलचक पिशवीसारखे असते. ती पिशवी प्रवाहाकडे तोंड करून समुद्रात पक्की बांधून ठेवायची. भरती-ओहोटीचे पाणी तिच्यातून वाहते, आणि पाण्याबरोबर वाहणारा बोंबील आणि जवळा आत अडकतो. थोडक्यात, पाण्याला आ वासलेले ते मोठे तोंडच. बोंबील जवळा पकडतो त्याच रीतीने माणूस बोंबील पकडतो.

इथे आपण परत आपल्या बाजारात येऊ. बोंबील इतका पाणीदार, की पकडल्यावर काही तासांत तो बिघडू लागतो. बर्फ नव्हता तेव्हा ताजा बोंबील किनाऱ्यापासून फार लांब नेणे शक्यच नव्हते. म्हणून तो वाळवायचा. मिठाशिवाय, नुसत्या उन्हा-वाऱ्यात. सहा-सात किलो ताजा बोंबील वाळवला की किलोभर उरतो. त्याच्या अंगातले पाणी गेले, की उरते ते जवळजवळ निव्वळ कसदार अन्न. शंभर ग्रॅम सुक्या बोंबलात सुमारे ६० ग्रॅम प्रथिने असतात. तूरडाळीत २२ असतात. अर्थात शंभर ग्रॅम सुका बोंबील एका वेळी कुणी खात नाही. पण दोन बोंबलांत पाच जणांची भाकरी निघायची, ती नुसती चवीवर नव्हे. तो हलका, म्हणून गोण्या भरून घाट चढला. टिकाऊ, म्हणून पावसाळ्याची बेगमी झाला. समुद्र कधी न पाहिलेल्या माझ्या आईच्या तव्यावर तो पोचला, याचे मूळ कारण त्याच्या पाणीदार शरीरात आहे. भाऊबंद खोल काळोखात जे शरीर घेऊन जगतात, त्याच घडणीच्या शरीराने दुष्काळात आम्हाला हात दिला.

इंग्रजांनी त्याला 'बॉम्बे डक' म्हटले. मुंबईच्या डाकगाडीतून त्याचा वास येई, म्हणून 'डाक'चे 'डक' झाले, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. आपल्याकडची पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, आणि हा शब्द त्याआधीच्या छापील मजकुरात सापडतो. इंग्रजीत 'बमालो' असाही एक शब्द आहे. तो मात्र आपल्या बोंबलावरूनच गेला असे मानतात.

आता जे सांगायचे म्हणून मी आज इथे आलो, ते सांगतो. बोंबलाचे घर किती लहान आहे ते आपण पाहिले. महाराष्ट्राच्या ताटात येणारा बोंबील त्या एका गढूळ पट्ट्यातून येतो. तिथे तो संपला, तर कर्नाटक-केरळातून आणू असे म्हणायची सोय नाही. आणि डोळ जाळ्याची एक अडचण आहे. जवळा धरायचा तर पिशवीच्या टोकाचे छिद्र बारीक ठेवावे लागते. बारीक छिद्रात जवळ्याबरोबर बोंबलाची पिल्लेही येतात. मोठा बोंबील एक-सव्वा फुटापर्यंत वाढतो. ही पिल्ले बोटाएवढी असतात. त्यांनी अजून एकदाही अंडी घातलेली नसतात.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये समुद्रातल्या ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. त्यापेक्षा लहान मासे पकडू नयेत, विकू नयेत. बोंबलासाठी ही मर्यादा १८ सेंटिमीटर आहे. नियम चांगला आहे. पण डोळ जाळे टाकणारा कोळी पाण्यातल्या माशाला, तू किती लांबीचा, असे विचारू शकत नाही. जे येईल ते येते. बारीक मासळीला भाव मिळतो तोवर ती परत समुद्रात जाणार नाही. आणि तो भाव कोण देतो? काही अंशी आपण देतो. घाटावरच्या आठवडे बाजारात स्वस्त म्हणून बारीक बोंबील घेणारा गिऱ्हाईक देतो.

श्रोतेहो, हे बोलताना मला माझी आई आठवते. सगळ्यात बारीक बोंबील तीच घ्यायची. तिला मी दोष देऊ शकत नाही. त्या वर्षी तिने जे केले, ते केले नसते तर आज मी इथे बोलायला नसतो. ज्याच्या घरी आजही तशीच वेळ आहे, त्याला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पण आपल्यापैकी पुष्कळांवर आज ती वेळ नाही. आपण बारीक बोंबील घेतो तो सवयीने, किंवा जुडीत संख्या जास्त दिसते म्हणून.

तेव्हा एक साधी गोष्ट करता येईल. मोजपट्टी नेण्याची गरज नाही. अंगठा आणि करंगळी ताणली की आपली वीत साधारण वीस-बावीस सेंटिमीटर भरते. बोंबील वाळल्यावर थोडा आखडतो. म्हणून जुडी हातात घ्या आणि वीत लावून पाहा. वीतभर किंवा वितीला थोडा कमी असला, तर तो बोंबील वाढलेला आहे, खुशाल घ्या. बोटाएवढा असला तर तो राहू द्या, आणि का राहू देत आहात ते विक्रेत्या ताईंना सांगा. त्या पुढच्या खेपेला घाटाखालच्या व्यापाऱ्याला सांगतील. बाजारातला निरोप असाच जातो, आणि तो कधी कधी सरकारी परिपत्रकापेक्षा लवकर पोचतो.

गेल्या महिन्यात मी नातवाला घेऊन बाजारात गेलो होतो. लहानपणीच्या त्या मावशी आता नाहीत. पोते जाऊन प्लॅस्टिकचा कागद आला आहे, बोंबलाचा भावही बराच चढला आहे. पण जुड्या तशाच होत्या आणि तोंडेही तशीच उघडी. नातवाने माझा सदरा ओढला आणि विचारले, "आजोबा, यांची तोंडं अशी का?"

मी त्याला खाली बसवले. ताईंची परवानगी घेऊन दोन बोंबील उचलले, आणि एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा कसा अडकवतात ते दाखवले. मग त्याची छोटी वीत धरून बोंबील मोजला. त्याच्या वितीने तो दीड वीत भरला. ताई म्हणाल्या, "घ्या काका, चांगला मोठा आहे." आम्ही एक जुडी घेतली.